मेरिट : एक शब्द, अनेक अर्थ आणि एकाचीच मालकी



आरक्षणाचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत समोरचा एक शब्द पुढे करतो : मेरिट. मग जागा चहाच्या टपरीची असो, टीव्हीवरच्या चर्चेची असो की शाळेतल्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची. हा शब्द उच्चारला की वाद संपला, असे त्याला वाटते. अडचण अशी की पुष्कळदा आपल्या पोरांनाही तसेच वाटते. काही जण मान खाली घालतात. काही जण चिडून 'मेरिट-बिरिट सगळे थोतांड आहे' म्हणून मोकळे होतात. आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. गप्प बसलो तर शब्दाची मालकी समोरच्याकडे जाते. थोतांड म्हटले तर लंडन-न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत अर्धपोटी बसून बाबासाहेबांनी जे कमावले, त्याला आपणच थोतांड ठरवतो.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आणि गेली काही वर्षे मराठवाड्यातल्या एका तालुक्यात वस्तीपातळीवर काम करतो. या कामात हा शब्द आम्हाला कोर्टात भेटला, वीज केंद्रात भेटला, अर्थशास्त्राच्या पुस्तकात भेटला, विहारात भेटला आणि प्रवेशाच्या यादीत तर दरवर्षी भेटतो. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. आपल्याला मात्र लहानपणापासून त्याचा एकच अर्थ शिकवला गेला आणि नेमका तोच अर्थ आपल्याविरुद्ध वापरला जातो. म्हणून हा लेख.

शब्द आला कुठून?

इंग्रजी 'मेरिट'चे मूळ लॅटिन 'मेरिटुम'मध्ये आहे. त्यामागचे क्रियापद 'कमावणे, पात्र होणे' या अर्थाचे. ज्या रोमन सैनिकाने आपली नोकरीची मुदत पूर्ण केली, त्याला 'एमेरिटस' म्हणत. आज निवृत्त प्राध्यापकाच्या नावापुढे हाच शब्द मानाने लागतो. म्हणजे मुळात हा शब्द केलेल्या कामाशी जोडलेला आहे. अमुक केले, म्हणून अमुक मिळण्यास पात्र झाला. कोणत्या घरात जन्मला, याचा त्यात मागमूस नाही.

मराठीत या एका शब्दाला आपण तीन-चार शब्द वापरतो. प्रवेशाच्या यादीला 'गुणवत्ता यादी' म्हणतो. कोर्टाच्या भाषेत 'गुणदोषांवर निर्णय' म्हणतो. पाली ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादात जिथे 'मेरिट' येते, तिथे मूळ पालीत 'पुञ्ञ' म्हणजे पुण्य असते. आणि बोर्डात आलेल्या पोराबद्दल गावात 'मेरिटला आला' म्हणतात. बोर्ड आता ती यादी लावत नाही, पण शब्द काही गेला नाही. गुण, गुणदोष, पुण्य आणि यादी. चार वेगळ्या गोष्टी, शब्द एक.

कोर्टातले मेरिट

आमच्या भागातल्या एका गावात काही बौद्ध कुटुंबे गायरान कसतात. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांपासून मराठवाड्याला हा प्रश्न माहीत आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णयही १९९१ मध्ये निघाला. पण निर्णय कागदावर आणि जमीन गावात. या कुटुंबांकडे काय होते? पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या दंडाच्या पावत्या. सरकारने अतिक्रमण केले म्हणून दंड केला, आणि तीच पावती आज 'आम्ही इथे कसत होतो' याचा पुरावा. अर्ज फेटाळला गेला. अपील करायला उशीर झाला, कारण निम्मे गाव ऊसतोडीला गेले होते आणि निकालाची नक्कल हातात पडायलाच महिने गेले. विलंब माफीचा अर्ज नामंजूर झाला आणि अपील मुदतीबाहेर म्हणून निकाली निघाले.

बाहेर आल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "केस मेरिटवर चांगली होती. पण मेरिटपर्यंत पोचलीच नाही."

सोबत आलेल्या आजींनी विचारले, "मेरिट तर शाळेतल्या पोरांचं असतं ना, साहेब? जमिनीला कसलं मेरिट?"

आजींचा प्रश्न आमच्या डोक्यात बसला. कोर्टात मेरिट म्हणजे खटल्याचा गाभा. जमीन कोण कसत होते, कधीपासून, कायदा काय म्हणतो, न्याय कोणत्या बाजूला आहे, हे सगळे. मुदत, कोर्ट फी, नकला, वकालतनामा या गोष्टी मेरिटच्या बाहेरच्या. खटला या बाहेरच्या कारणाने निकाली निघाला तर 'गुणदोषांत न जाता' असे निकालातच लिहितात. म्हणजे न्यायव्यवस्था स्वतःच मान्य करते की दारात अडकणे वेगळे आणि आत जाऊन हरणे वेगळे.

आता हीच कसोटी प्रवेश परीक्षेला लावून पाहा. तीन तासांचा एक पेपर, क्लासची फी, इंग्रजीची सवय, घरात अभ्यासाला कोपरा असणे-नसणे. कोर्टाच्या भाषेत या सगळ्या दारातल्या गोष्टी झाल्या. पोराचा गाभा काय आहे, तो पुढे कसा डॉक्टर किंवा इंजिनिअर होईल, याची सुनावणी अजून व्हायचीच आहे. पण आपल्याकडे दारात अडकलेल्यालाच सांगतात, 'तुझ्यात मेरिट नाही.' कोर्ट निदान 'मेरिट तपासले नाही' असे तरी लिहून देते.

वीज केंद्रातले मेरिट

आमचा एक मावसभाऊ औष्णिक वीज केंद्रात नोकरीला आहे. एकदा त्याला विचारले, संच चालू आहे का? तो म्हणाला, "नाही, मेरिटमध्ये बसत नाही म्हणून बंद ठेवलाय." आम्हाला हसू आले. यंत्रालाही मेरिट?

त्याने समजावून सांगितले ते असे. राज्याला दर क्षणी किती वीज लागते, ते पाहून कोणता संच चालवायचा आणि कोणता थांबवायचा, हे ठरवावे लागते. त्यासाठी सगळ्या संचांची यादी लावतात. एक युनिट वीज तयार करायला इंधनाचा खर्च ज्याचा सर्वांत कमी, तो वर. ज्याचा जास्त, तो खाली. याला 'मेरिट ऑर्डर' म्हणतात. वरून सुरुवात करायची आणि मागणी भरेपर्यंत खाली यायचे.

आम्ही विचारले, मग तुमचा संच जुना, निकामी आहे का? तो म्हणाला, "यंत्र चांगलं आहे. कोळसा लांबून येतो. वाहतुकीचा खर्च चढतो आणि यादीत नंबर खाली जातो."

मित्रहो, यावर थोडे थांबून विचार करा. खाणीच्या तोंडाशी असलेला संच मेरिटमध्ये वर आणि खाणीपासून शेकडो किलोमीटर लांबचा संच खाली. फरक अंतराचा आहे. ही गोष्ट वीज खात्यातला प्रत्येक माणूस जाणतो, म्हणून खालच्या नंबरच्या संचाला कोणी नालायक म्हणत नाही. तो चालायला तयार असेल तर बंद काळातही त्याचा स्थिर खर्च ठरलेल्या कराराप्रमाणे दिला जातो. मागणी वाढली की त्यालाच सुरू करतात. कोयनेचे पाणी मोजून वापरायचे असल्याने तिथली वीज संध्याकाळच्या वाढत्या मागणीसाठी राखून ठेवतात. म्हणजे 'राखीव' हा शब्दही तिथे शहाणपणाचा मानला जातो.

आमच्या तालुक्यातल्या मुलाचा कोळसाही लांबून येतो. लातूर-नांदेडचे क्लास लांब, इंग्रजी लांब, वाट दाखवणारा माणूस लांब. त्याचा नंबर खाली लागला तर अंतराचा हिशेब कोणी मांडत नाही.

इंजिनिअरिंगमध्ये आणखी एक प्रकार आहे. एखादा पदार्थ किंवा यंत्र एखाद्या कामासाठी किती योग्य, हे सांगणाऱ्या आकड्याला 'फिगर ऑफ मेरिट' म्हणतात. तांबे विजेच्या तारेसाठी उत्तम. पण उष्णतेपासून थेट वीज मिळवायची असेल तर तेच तांबे जवळजवळ बिनकामाचे, कारण त्यातून उष्णताही झपाट्याने वाहून जाते. त्या कामासाठी वेगळे पदार्थ लागतात. तांब्याचे मेरिट किती, असा मोघम प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. 'कशासाठी?' हे आधी सांगावे लागते.

अर्थशास्त्रातले मेरिट

रिचर्ड मस्ग्रेव्ह या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक कल्पना मांडली. काही वस्तू आणि सेवा अशा असतात की त्या माणसाच्या खिशात पैसे आहेत की नाहीत यावर सोडून चालत नाही. समाजाने त्या सर्वांना मिळतील अशी सोय करायची. त्याने दिलेली उदाहरणे म्हणजे शाळेतले जेवण, स्वस्त घरे, मोफत शिक्षण. या वस्तूंना त्याने नाव दिले 'मेरिट गुड्स'.

म्हणजे अर्थशास्त्राच्या वर्गात शिक्षण हेच 'मेरिट' आहे आणि म्हणून ते सर्वांना द्यायचे. बाजूच्या इमारतीत प्रवेश समितीच्या खोलीत मात्र शिक्षण सर्वांना द्यायचे नाही, कारण सर्वांकडे 'मेरिट' नाही! एकाच कॉलेजात, एकाच शब्दाने, दोन उलट गोष्टी.

आपल्या सरकारने या शब्दाचा तिसराच उपयोग केला. १९९७ मध्ये अर्थ मंत्रालयाने अनुदानांवर एक चर्चापत्र काढले. त्यात प्राथमिक शिक्षण 'मेरिट' गटात आले आणि उच्च शिक्षण त्या गटाबाहेर राहिले. अर्थ सरळ होता. पहिली ते आठवीपर्यंत सरकार पाहील, पुढचा खर्च ज्याने त्याने पाहावा. नव्वदच्या दशकात उदारीकरण आले, आणि आपली पहिली-दुसरी शिकलेली पिढी कॉलेजच्या दारात उभी राहिली, तेव्हाच उच्च शिक्षण 'नॉन-मेरिट' झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपली पोरे 'भारत सरकारची स्कॉलरशिप' म्हणतात, ती वेळेवर मिळत नाही म्हणून किती मुलांची वसतिगृहे सुटली, हे वस्तीत काम करणाऱ्याला विचारा.

धम्मातले मेरिट

आता विहारात येऊ. आपल्याकडे घरात कोणी गेले की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. भन्तेजी किंवा बौद्धाचार्य वंदना घेतात, दान होते, आणि केलेल्या कुशल कर्मात सगळे मनापासून सहभागी होतात. दुसऱ्याचे चांगले काम पाहून आनंद मानणे, हेही धम्मात पुण्य आहे. दान, शील आणि भावना हे पुण्य करण्याचे तीन पाया मानले आहेत. यातली एकही गोष्ट दुसऱ्याला मागे टाकून मिळवायची नाही. आमच्या शेजारणीने शील पाळले म्हणून आमचे पुण्य एका क्रमांकाने खाली सरकत नाही. या मेरिटची जागा मर्यादित नाही आणि यादीही लागत नाही. एका दिव्यावर दुसरा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही, तसे हे.

पण याच शब्दाला एक धोक्याची बाजू आहे आणि बाबासाहेबांनी ती नेमकी ओळखली. मराठीत आपण सहज म्हणतो, 'पूर्वजन्मीची पुण्याई'. श्रीमंत घरात जन्मला, पुण्याई. गोरागोमटा झाला, पुण्याई. आणि जो महारवाड्यात जन्मला, त्याचे मागल्या जन्मीचे पाप. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली. गरिबांच्या आणि दीनांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळावी, यापलीकडे या कल्पनेचा उपयोग काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

आम्हाला वाटते, आजचे 'मेरिट' हे त्या पूर्वजन्मीच्या पुण्याईचेच नवे, सुटाबुटातले रूप आहे. आजोबांची नोकरी, वडिलांचा बंगला, आईची इंग्रजी, तीन पिढ्यांची पुस्तके हा सगळा मागल्या पिढीचा ठेवा. परीक्षेच्या दिवशी तो एका मुलाच्या नावावर जमा होतो आणि त्याला त्या मुलाचा स्वतःचा गुण म्हणतात. पिएर बोर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने यालाच 'सांस्कृतिक भांडवल' म्हटले. आपल्या आजीच्या भाषेत सांगायचे तर, आयत्या पिठावर रेघोट्या.

म्हणून आपण मेरिटच्या विरोधात आहोत का? अजिबात नाही. माणसाचे मोल जन्मावरून नव्हे तर त्याच्या योग्यतेवरून ठरवावे, हे सद्धम्माचे लक्षण म्हणून बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात नोंदवले आहे. वसल सुत्तात तथागतांनी हेच सांगितले. जन्माऐवजी योग्यता पाहा, ही मागणी या भूमीवर सर्वांत आधी आपल्या परंपरेने केली. ज्यांनी हजारो वर्षे जन्म पाहून दार उघडले किंवा लावले, ते आज आपल्याला योग्यता शिकवतात.

यादीतले मेरिट

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. अभ्यासिका म्हणजे विहाराच्या मागची एक खोली, आठ टेबले आणि लाइट गेली की बॅटरीवरचा एक दिवा. आई ऊसतोडीला जाते. वस्तीने सत्कार ठेवला. तिला बोलायला सांगितले तर ती हळू आवाजात म्हणाली, "मी मेरिटने नाही लागले. कॅटेगरीतून लागले."

टाळ्या वाजल्या, पण आमचे हात थांबले. ज्या परीक्षेला वीस लाखांहून जास्त मुले बसतात आणि देशभरात जागा लाख-सव्वा लाख, तिथे ही मुलगी लागली. तिचे नाव ज्या यादीत आले, त्या यादीचे नावही 'गुणवत्ता यादी'च आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवारांमध्येही क्रम गुणांवरच लागतो. पुढे एमबीबीएसचे पेपर तिला आणि खुल्या वर्गातल्या मुलाला एकच असतील, उत्तीर्ण होण्याची अटही एकच असेल. आरक्षण दारापुरते आहे, डिग्रीला आरक्षण नाही. हे सगळे असूनही 'मेरिट' आणि 'कॅटेगरी' असे दोन वेगळे डबे तिच्या डोक्यात कोणी बसवले?

हे आम्ही तिला त्याच संध्याकाळी समजावले. कारण हा प्रश्न एका मुलीच्या लाजण्यापुरता नाही. वसतिगृहात, वॉर्डात, प्रयोगशाळेत हे डबे तिच्यापुढे रोज आणले जातील. रँक विचारली जाईल आणि त्या आडून जात विचारली जाईल. तेव्हा ती स्वतःलाच बिनामेरिटची मानत असेल तर तिथे तिच्या बाजूने बोलायला कोणीच उरणार नाही. आपण आपली किती पोरे अशा कॅम्पसवर गमावली, हे या वाचकांना सांगायला नको.

आता 'मेरिट'चा जप करणाऱ्यांचा हिशेब पाहू. पी. ए. इनामदार खटल्याच्या २००५ च्या निकालाने खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांत १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागांना वाट दिली. तिथे डॉलर चालतात. महाराष्ट्राला तर १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, यावरूनच काय ते समजा. २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, म्हणजे जो परीक्षेला बसला तो पात्र. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती झाली आणि वर्षाला आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या, इतर आरक्षणात न बसणाऱ्या कुटुंबांना १० टक्के आरक्षण मिळाले. १९९० आणि २००६ मध्ये मेरिटच्या नावाने रस्ते अडवणारी गर्दी तेव्हा कुठे दिसली नाही. गरिबांना आधार मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की मेरिट कधी आठवते आणि कधी विसरते, याचा नियम तपासा. त्या नियमात तुम्हाला जात सापडेल.

परीक्षेवर शंका घेणारे आपण पहिले नाही

'परीक्षा म्हणजे परीक्षा, त्यात कसला भेदभाव?' असे विचारणाऱ्यांना थोडा इतिहास सांगा. आय.सी.एस.ची खुली स्पर्धा परीक्षा १८५५ मध्ये सुरू झाली. कागदावर सर्वांना खुली, पण होत होती लंडनला. ग्रीक आणि लॅटिनला संस्कृत-अरबीपेक्षा कितीतरी जास्त गुण होते. पुढे १८७८ पासून वयाची कमाल मर्यादा १९ वर आणली गेली. तेव्हा इथल्या उच्चवर्णीय पुढाऱ्यांनी काय म्हटले? ही परीक्षा न्याय्य नाही, अंतर आड येते, वय आड येते, खर्च आड येतो. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी देशभर दौरे काढले. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यात ही परीक्षा इंग्लंडबरोबर भारतातही घ्या आणि वय वाढवा, असा ठराव झाला. अखेर १९२२ पासून ती भारतातही होऊ लागली.

त्यांचे म्हणणे बरोबरच होते. गोऱ्या साहेबाने 'तुमच्यात मेरिट नाही' म्हटले तेव्हा त्यांनी परीक्षेची रचना दाखवली. आम्ही त्यांच्याच नातवंडांना परीक्षेची रचना दाखवतो, तर आम्हाला रडे म्हणतात.

'मेरिटोक्रसी' हा शब्द ज्याच्या पुस्तकामुळे जगभर गाजला, तो ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग. त्याचे १९५८ चे पुस्तक हा उपहास होता. गुणवंतांचे राज्य नावाचा नवा उद्दाम वर्ग कसा तयार होईल, याचा इशारा त्यात होता. लोकांनी उपहास बाजूला ठेवला आणि शब्द कौतुकाने उचलला. २००१ मध्ये म्हातारपणी त्याला वर्तमानपत्रात लेख लिहून याबद्दल तक्रार करावी लागली. अमर्त्य सेन यांनीही मेरिट आणि न्याय या विषयावर लिहिताना दाखवले आहे की कोणत्या गुणाला मेरिट म्हणायचे, हे समाज कशाला चांगले मानतो यावर अवलंबून असते. ज्या समाजाला विषमता कमी करायची आहे, त्याची मेरिटची व्याख्याही त्याप्रमाणे असली पाहिजे. तांब्याच्या तारेचा धडा हाच होता. आधी कशासाठी, मग किती.

सर्वोच्च न्यायालयही आता या वाटेवर आले आहे. वैद्यकीय प्रवेशातल्या अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ टक्के आरक्षण देण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये उचलून धरताना न्यायालयाने सांगितले की स्पर्धा परीक्षेतले गुण सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक फायद्यांचे चित्र दाखवत नाहीत, आणि मेरिटकडे सामाजिक संदर्भातच पाहिले पाहिजे. वकिली करणाऱ्या आपल्या मुलांनी नील ऑरेलिओ नुनेस खटल्याचा हा निकाल मुळातून वाचावा.

'पण पूल पडतील, रोगी मरतील'

हा शेवटचा हुकमी पत्ता. राज्यघटनेच्या कलम ३३५ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या नोकरीतील हक्कांसोबत 'प्रशासनाची कार्यक्षमता' टिकवण्याचा उल्लेख आहे. कार्यक्षमता मोजता येते. मग मोजूया. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी जास्त असल्याने उत्पादकता घटली, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट वरच्या श्रेणीत त्यांचे प्रमाण वाढले तिथे काही बाबतींत कामगिरी सुधारल्याचे दिसले. ज्या रेल्वेतून आरक्षणविरोधी माणूस रोज सुखरूप घरी पोचतो, त्याच रेल्वेची ही गोष्ट.

उलट बाजूही तपासली गेली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांकडे सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. मेरिट तेच होते. आडनाव बदलले.

आणि बाबासाहेबांपेक्षा मोठा दाखला कोणता? कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेऊन हा माणूस १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. राहायला घर मिळाले नाही. पारशांच्या धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या दिवशी बडोद्यात त्यांच्याइतके शिकलेले किती जण होते? मेरिटने दार उघडत असते तर ते दार तेव्हाच उघडले असते.

मग करायचे काय?

पुढच्या वेळी कोणी हा शब्द पुढे केला तर रागावू नका आणि गप्पही बसू नका. शांतपणे चार प्रश्न विचारा. मेरिट कशासाठी? ग्रामीण रुग्णालयात रात्री दोनला बाळंतपण करणारा डॉक्टर हवा आहे, तर त्याची योग्यता कशी मोजणार? मेरिट कोणी ठरवले? पेपर काढणारे, मुलाखत घेणारे, गोपनीय अहवाल लिहिणारे कोण होते? कुठून कुठपर्यंत मोजले? धावणारा कोणत्या रेषेवरून निघाला, हे पाहिले का? आणि चौथा, हाच नियम पैशाच्या कोट्याला लावता का?

आणि एक काम आपल्या घरात करायचे आहे. सत्काराच्या फलकावर, व्हॉट्सॲपच्या अभिनंदनात, पोरांच्या बोलण्यात 'मेरिट' आणि 'कॅटेगरी' हे दोन डबे करणे बंद करा. आमच्या अभ्यासिकेत यंदा निकालाचा फलक लावताना आम्ही फक्त नाव, गाव आणि मिळालेला अभ्यासक्रम लिहिला. वर शीर्षक दिले 'गुणवंत'. ती मेडिकलची मुलगी सुट्टीत आली होती. अकरावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवत होती. एका मुलाने तिला विचारले, "ताई, तू कॅटेगरीतून का?"

ती म्हणाली, "कॅटेगरीच्या मेरिट लिस्टमधून. आता पेशीची आकृती काढ."

जय भीम. नमो बुद्धाय.